मध्ये बोलू नये

२ मार्च २०१३, शनिवार

पोचले एकदाची. गाडी साडेचार तास उशिरा, पण सामानाचे नऊच्या नऊ डाग शाबूत. लखनौच्या चारबाग स्टेशनवर हमालाने 'माताजी' म्हटलं तेव्हा हसू आलं. बावीस वर्षांपूर्वी याच फलाटावरून गेले तेव्हा 'बहनजी' होते.

सुबोध रेल्वेच्या संशोधन संस्थेत होते, तेव्हा मानक नगरच्या कॉलनीत आम्ही दहा वर्षं काढली. पूर्वा तिथेच रांगली, तिथेच तुतीच्या झाडावरून पडून हात मोडून घेतला. सुबोधना जाऊन आता चार वर्षं होतील. पुण्याची आमची इमारत पाडून नवी बांधताहेत. बिल्डर दोन वर्षं म्हणतो, म्हणजे तीन. अशात इथल्या ज्या कॉन्व्हेंटात मी इंग्रजी शिकवत असे तिथून पत्र आलं. शाळेला शंभर वर्षं होताहेत, जुनी पत्रं आणि रजिस्टरं चाळून स्मरणग्रंथ करायचा आहे, याल का? सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा ते दीड. मी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. एकटीने पुण्यात भाड्याचं घर शोधण्यापेक्षा हे बरं.

घर महानगर नावाच्या वस्तीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे खोल्यांहून मोठी गच्ची. खाली मालकीणबाई, निगम भाभी, सत्तरीच्या पुढच्या. पहिल्या मजल्याला कुलूप, तो नोएडाच्या मुलासाठी राखून ठेवलाय. भाभी बोलायला लागल्या की समोरच्याला 'अच्छा' म्हणण्यापलीकडे काम उरत नाही. संध्याकाळी कढी-चावल वर पाठवले. बरोबर निरोप, की मरहट्टे लोग मीठा डालते हैं, हमने नहीं डाला, बुरा मत मानिएगा. नाही मानलं. दोनदा वाढून घेतलं.

गुडघे दुखताहेत. मन मात्र हलकं आहे.

५ मार्च, मंगळवार

आज इंटरनेट आलं. गल्लीतली टेलिफोनची तार रस्ता खणताना तुटली ती तुटलीच, म्हणून भाभींनी रिझवी साहेबांना बोलावलं. पन्नाशी ओलांडलेले, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं असं की माणसाला आपण उगीचच कुणी मोठे वाटावं. पूर्वी टीव्हीचे अँटेना लावत. आता कपूरथला बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे, आणि निशातगंजला एका उंच इमारतीवर टॉवर. आमच्या गच्चीच्या कठड्यावर त्यांनी लोखंडी नळी ठोकली आणि तिच्यावर ताटलीएवढा पांढरा डबा बसवला. त्याला ते रेडिओ म्हणतात. त्याने टॉवरकडे तोंड करून बसायचं, म्हणजे मधल्या हवेतून इंटरनेट येतं. तार फक्त डब्यापासून माझ्या टेबलापर्यंत.

दुपारी चारला पूर्वाशी बोलले. ती पर्थला असते, आमच्या अडीच तास पुढे. जावई सिद्धेश खाणीवर इंजिनिअर आहेत. दोन आठवडे तिकडे वाळवंटात, एक आठवडा घरी. पूर्वाला पाचवा महिना. जूनमध्ये मी जायची आहे बाळंतपणाला, व्हिसाचे कागद पुण्याहून निघतानाच दिले. पोरगी पडद्यावर इतकी स्पष्ट दिसली की हनुवटीवरचा तीळसुद्धा मोजून घ्यावा. तिने उभं राहून पोट दाखवलं, मी इकडून हात लावल्यासारखं केलं. दोघी हसलो.

१४ मार्च, गुरुवार

चार दिवस झाले, कॉल धड होत नाही. पूर्वा बोलता बोलता थिजते, तोंड अर्धं उघडं, मग दोन मिनिटांनी एकदम भलतंच वाक्य ऐकू येतं. मी इकडून 'हॅलो, हॅलो' करत राहते. फार दमायला होतं त्याने.

रिझवी साहेब आले. लॅपटॉप उघडून गच्चीत बसले. त्यांचं म्हणणं, सिग्नल पूर्ण आहे, शोर फार आहे. या लहरींना परवाना लागत नाही, त्यामुळे ज्याला हवं तो त्यांवर बोलतो. त्यांनी यादी दाखवली. आसपास बोलणारे अकरा रेडिओ, हॉटेलं, दवाखाने, दुसरे इंटरनेटवाले, प्रत्येकाचं नाव आणि पुढे आवाजाचा आकडा. एक ओळ बिननावाची होती. ती आपोआप मिटेल म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट समजावली, ती मला आवडली. हा रेडिओ बोलण्याआधी ऐकतो. हवेत दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतो. त्याचं संपलं की आणखी क्षणभर वाट बघतो आणि मग बोलतो. मी विचारलं, समोरचा थांबलाच नाही तर?

"तो ये बेचारा इंतज़ार करता रहेगा, मैडम. मशीन ताइवान की है, तहज़ीब लखनऊ की."

मला माझ्या लहानपणच्या शाळेतल्या सिस्टर बर्नडेट आठवल्या. वर्गात दुसरं कुणी बोलत असताना तोंड उघडलं तर उरलेला तास ओठांवर बोट ठेवून उभं राहावं लागे. माझ्यावर ती वेळ एकदाच आली, सहा वर्षांची असताना. पुन्हा कधी आली नाही.

जाता जाता रिझवी साहेबांनी संकोचत विचारलं. मागच्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबची तक्रार आहे की माझ्या रेडिओमुळे त्यांचे रिपोर्ट अडकतात. माझा आवाज थोडा खाली करू का? म्हटलं, अवश्य करा. आजारी माणसांचे रिपोर्ट ते. माझं काय, गप्पाच तर मारायच्या.

१ एप्रिल, सोमवार

आवाज खाली केल्यापासून जास्तच बिघडलं. रिझवी साहेबांनी मला काम लावलं होतं, केव्हा चालतं, केव्हा बंद पडतं, वेळेसकट लिहून ठेवायचं. ते टॉवरवरून त्यांची नोंद बघणार, मी इकडून माझी. रजिस्टर आखून लिहिलं. सवयच आहे.

आज दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. मी घरी असते तेव्हा जोडणी जवळजवळ मेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा ते एक मात्र उत्तम. उत्तम तर आहेच, भरपूर वापरसुद्धा आहे. आणि नेमकी तेव्हा मी शाळेत.

मी म्हटलं, योगायोग असेल, तेव्हा लॅब बंद असेल. रिझवी साहेबांनी गेल्या शुक्रवारवर बोट ठेवलं. गुड फ्रायडे. शाळेला सुट्टी होती, मी दिवसभर घरी. त्या दिवशी अकरा ते एक पाटी कोरी.

"आपके घर में कोई और भी इस्तेमाल करता है?" त्यांनी विचारलं. दाराला माझं कुलूप असतं. पासवर्ड माझा. भाभींना रिमोटची बटणंसुद्धा कळत नाहीत. पासवर्ड बदलून दिला त्यांनी.

८ एप्रिल, सोमवार

पासवर्ड बदलून काही फरक नाही. शाळा आटोपून आले, दुपारी रिझवी साहेब पुन्हा आले. ऊन मी म्हणत होतं, बिचाऱ्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी डबा नळीवरून सोडवला आणि चारी दिशांना फिरवून पाहिला. शोर एका बाजूने येत असेल तर तिकडे वाढायला हवा, दुसरीकडे कमी व्हायला हवा. तो सगळीकडे सारखाच. बिननावाची ओळ यादीत सगळ्यांत वर, आणि तिचा आकडा असा की त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. एवढा आवाज हाताच्या अंतरावरूनच येतो म्हणाले.

घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, कूलर, शेवटी मेन स्विच. त्यांचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. शोर तसाच.

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला खाली भाभींकडे गेले, मातीच्या सुरईतलं. वर आले तर ते पडद्याकडे बघत होते. मग अगदी नम्रपणे म्हणाले, मॅडम, ज़रा एक बार फिर नीचे तशरीफ़ ले जाइए. मी गेले. वर बोलावलं. पुन्हा पाठवलं. तिसऱ्या वेळी माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा ते हसले, म्हणाले, आपके जाते ही ख़ामोशी हो जाती है, आप आती हैं तो शोर.

मीही हसले. पण नंतर सामान भरताना पाण्याचा पेला माझ्या हातात न देता त्यांनी कठड्यावर ठेवला.

१६ एप्रिल, मंगळवार

हे नीट, सावकाश लिहायला हवं.

आज चारला कॉल लागला, तुटक. पूर्वाचे डोळे सुजलेले होते पण चेहरा शांत. म्हणाली, आई, कालचं अजून मनातून जात नाही. किती स्पष्ट दिसत होतीस, किती मनमोकळं बोललीस. तासभर.

काल सोमवार. काल मी अकरापासून एकपर्यंत शाळेच्या तळघरात एकोणीसशे एकतीसची रजिस्टरं पुसत होते.

मी विचारलं, काय गं बोललो आपण? ती म्हणाली, असं काय करतेस, दादाबद्दल.

पूर्वाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. मानक नगरला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात. तो रडलाच नाही. सुबोधनी आणि मी त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही, आणि पूर्वाला तर मुळीच सांगितलं नव्हतं. ती पोटुशी राहिल्यापासून रोज वाटे, सांगावं. रोज वाटे, नको, घाबरेल. आणि ती मला आज सांगत होती, त्याला मी कोणत्या रंगाचं झबलं शिवलं होतं. पिवळं. खरं आहे.

"आई, मला सगळ्या जन्मात तू इतकी जवळची कधी वाटली नव्हतीस," ती म्हणाली. हे वाक्य पूर्ण आलं. एकदाही अडकलं नाही.

मी सांगायला हवं होतं की ती मी नव्हते. तिचा तो चेहरा बघितला, आणि मध्ये बोलवेना. मी म्हटलं, हो गं राणी.

हो म्हटलं मी.

२२ एप्रिल, सोमवार

बुधवारी शाळेत जाताना लॅपटॉप पिशवीत घालून बरोबर नेला. टेबलावरची तार काढून कपाटात कुलूपबंद केली. तरी त्या दिवशी पूर्वाचा आणि 'माझा' पाऊण तास कॉल झाला. तिने कौतुकही केलं, मोतिया रंगाची साडी छान दिसते तुला, एवढ्या उन्हाळ्यात कशी इतकी टवटवीत असतेस. ती साडी ट्रंकेत खाली आहे. इथे आल्यापासून बाहेर काढलेली नाही.

आज शाळेला दांडी मारून घरात बसले. वाट बघत. अकरा, बारा, एक. काही नाही. खोलीत फक्त कूलरची घरघर, आणि तिच्या आत, अगदी खाली, कुणी तरी न थांबता बोलत असल्यासारखं. शब्द कळत नाहीत. लय ओळखीची वाटते. कूलर बंद केला तरी थोडा वेळ राहिली.

रिझवी साहेबांना फोन केला, म्हटलं रेडिओच काढून न्या. ते गोंधळले. म्हणाले, पण मॅडम, परवाच तर आपण फोन करून पॉवर पूर्ण वर करायला सांगितलंत, आणि किती तारीफ केलीत. मी परवा त्यांना फोन केला नव्हता. म्हटलं तसं. पलीकडून ते दुसऱ्याच कुणाला उत्तर द्यावं तसं म्हणाले, जी, जी, बहुत शुक्रिया, आणि फोन ठेवला.

२७ एप्रिल, शनिवार

पूर्वा इथे येतेय.

पहिलं बाळंतपण माहेरी, असं मी तिला समजावलं म्हणे. माझ्या आईचं आजीने केलं, माझं माझ्या आईने केलं, तुझं परक्या देशात आणि नवरा खाणीवर, हे काही बरं नाही. इकडे ये, खोली तयार आहे. रडले म्हणे मी.

तिचा रक्तदाब वाढतोय. तिथल्या डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला स्पष्ट नाही म्हटलं आहे, हे तिनेच मला मार्चमध्ये सांगितलं होतं. आज म्हणते, आई, तूच म्हणालीस ना डॉक्टर उगाच घाबरवतात. सिद्धेश खाणीवर, तिथे फोन धड लागत नाही, त्यांना ती दिल्लीला उतरल्यावर कळवणार. तिकीट तेरा मेचं, चौदाला इथे.

मी ओरडले. नको येऊस, मी ती नव्हे, नको येऊस. पडद्यावर ती हसऱ्या चेहऱ्याने थिजलेली. दोन मिनिटांनी आवाज आला, "बरं आई, मग तसंच करते," आणि कॉल संपला. कुणाला म्हणाली ती? कसं करते?

मोबाईलवरून परदेशी कॉल लावला. एंगेज. तासभर एंगेज. ईमेल लिहिला, सगळं, पहिल्यापासून.

२९ एप्रिल, सोमवार

पूर्वाचं उत्तर आलं. दोन ओळी. आई, तू सांगितलंस ते बरं झालं, की तुझं ईमेल कुणी तरी हॅक केलंय. वाचलं नाही, काढून टाकलं. पुढचेही तसेच काढून टाकीन.

कुरियरने पत्र पाठवलं. दुकानदार म्हणाला, सात ते दहा दिन. मी पत्ता पुन्हा तपासायला मागितला. त्याने ऐकलंच नाही. तीनदा म्हटलं.

३ मे, शुक्रवार

शाळेत आज मिटिंग होती. मला बोलायचं होतं, रजा हवी होती. दर वेळी तोंड उघडलं की कुणी तरी बोलत होतं. त्यांचं संपलं की दुसरं. मी वाट बघत राहिले. मिटिंग संपली. प्राचार्या उठताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, थँक यू मालिनी, फार सुंदर बोललात.

भाजीवाल्यापुढे उभी राहिले. त्याने माझ्या मागच्या बाईला दिली, तिच्या मागचीला दिली. मी काही बोललेच नव्हते असं नाही.

भाभींना सांगायचा प्रयत्न केला. त्या अंगणात गहू निवडत होत्या. मी म्हटलं, भाभी, पूर्वाला फोन करा तुमच्या फोनवरून, सांगा येऊ नको. त्या माझ्याकडे बघत होत्या, मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "अरे काहे नहीं आएगी! बिटिया का मायका है, हम तो गोंद के लड्डू बनाएँगे."

मी काय म्हटलं होतं आणि त्यांना काय ऐकू गेलं.

८ मे, बुधवार

रिझवी साहेबांच्या दुकानात गेले. कपूरथलापर्यंत चालत — रिक्षा थांबत नाहीत. ते फोनवर होते. माझी चाहूल लागली की उठून उभं राहणारा माणूस, आज मान वर केली नाही. फोनमध्ये म्हणत होते, जी मालिनी जी, बिल्कुल मालिनी जी, बेटी आ रही हैं, मुबारक हो.

मी समोर उभी. काउंटरवर हात ठेवून.

त्यांचं संपायची वाट बघितली. आता लिहिताना कळतंय. तेव्हासुद्धा वाट बघितली मी. मग त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी बाही झटकली, पंख्याच्या वाऱ्याने हलली असावी तशी. शटर ओढलं. मी बाहेर.

पाय सुजलेत. खूप थकले आहे. बसावंसं वाटतं — बसले तर ती बसेल असं नव्हे — ती कधी थकत नाही, हेच —

११ मे २०१३, शनिवार

आजचा दिवस किती छान गेला! सकाळी लवकर उठून पुढची खोली पूर्वासाठी लावली. खिडकीला फिकट हिरवे पडदे, पलंगाशेजारी छोटा पाळणा. निगम भाभींशी दोन तास गप्पा मारल्या आणि त्यांना एकदाही आपला शब्द घुसवता आला नाही, दोघी त्यावर हसून हसून दमलो. रिझवी साहेबांना चहाला बोलावलं. अकराला पूर्वाशी बोलले. तिला थोडी भीती वाटत होती, ती सगळी काढली. म्हटलं, तू फक्त ये, पुढचं सगळं मी बघते. बाळाशीसुद्धा बोलले, तिने फोन पोटाला लावला होता. त्याने ऐकलं. आयुष्यभर मी किती गप्प राहिले, याचं आता नवल वाटतं. मोकळं व्हायला साठ वर्षं लागली. आता थांबायचं नाही.

११ मे

वरचं मी लिहिलेलं नाही.

अक्षर माझं आहे. 'ळ'ची गाठसुद्धा. शाई माझी. मी आज सकाळपासून गच्चीच्या दाराशी बसून आहे, उठलेले नाही, वही उशीखाली होती.

पडदे लावलेले आहेत. फिकट हिरवे.

१२ मे

गच्चीवर जाऊन डबा तोडला. दगडाने. तार कापली. नळी वाकवली. हात रक्ताळला.

काही फरक नाही. तो फक्त ऐकत होता बिचारा. थांबत होता. माझ्यासारखा —

कूलरखालचा आवाज आता दिवसाही, कूलर बंद असला तरी. शब्द कळतात. माझे आहेत. मी म्हणायचे राहिलेले सगळे. सुबोधना म्हणायचे होते तेही.

१३ मे

पूर्वा निघाली असेल. सिंगापूर. मग दिल्ली, उद्या लखनौ.

विमानतळावर आजच जाऊन थांबते. ती बाहेर येताच तिच्यापुढे उभी राहते. डोळ्यांत बघेल तर कळेल तिला, आईच्या —

रस्त्यावर पाऊण तास हात करून उभी होते. एकही ऑटो नाही. चालत निघाले. निशातगंजच्या पुढे पाय —

परत आले. भाभी अंगणात. माझ्याकडे न बघता वर, माझ्याच घराकडे तोंड करून ओरडल्या, मालिनी बहन, टॅक्सी सुबह दस बजे बोल दी है. वरून उत्तर आलं. गोड. लगेच.

मी फाटकाशी. वर कोण मग मी —

१४ मे

गाडी आली.

कठड्यावरून बघितलं. पूर्वा उतरली. पावलं किती सुजली गं तुझी. चेहरा पांढरा. मग पलीकडच्या दारातून मोतिया साडी. पाठ दिसली. वर बघितलं नाही.

भाकरतुकडा ओवाळतेय तिच्यावरून. बोलतेय. ओवाळताना बोलतेय, थांबत नाही —

जिन्यात आल्या. "हळू गं राणी, एकेक पायरी, दम खा." मी असं बोलले नसते. मी नुसता हात धरला असता.

वही देते तिला. वाचेल. माझं अक्षर ओळखते ती —

पण मागच्या पानावर तेही माझंच अक्षर.

मग बोललंच पाहिजे. बोलणं थांबलं की लगेच. श्वास घ्यायला तरी —

पहिल्या मजल्याचं वळण. पूर्वा हसली. धापा टाकतेय. एकटीच धापा टाकतेय.

दुसरीचा श्वास नाही. थांबायची जागाच नाही मध्ये. वाट बघून — साठ वर्षं वाट —

दार उघडलंय मी. दिसतेय. समोर दिसतेय माझी पोर. बोलणं चालू आहे, चालू असतानाच, मध्येच, आता —

पूर्वा, मी